पाझरे बंधूंवर आंबटपणाचा आळ आला त्याची हकीकत

श्रीदेहदेवता प्रसन्न असो. लिहिणारास खरे लिहिण्याची बुद्धी आणि वाचणारास लाज वाटण्याची शक्ती देवो. शके १९४१, विकारीनाम संवत्सर, चैत्र वद्य पंचमी, ते दिवसापासोन एका राज्यात जो अन्याय जाहला तो लिहितो. राज्याचे नांव सांगत नाही, कारण वाचणारा ज्या देहात बसोन वाचतो तेही ऐसेच राज्य आहे.

त्या राज्यात रक्ताची नदी अष्टौप्रहर वाहे, आणि तिचा धर्म ऐसा की पाणी किंचित क्षाराकडे झुकलेले असावे. आम्ल बळावले तर प्रजा मरे आणि क्षार बळावला तरीही मरे. आणि प्रजा तर रोज खाय, राबे, आणि उरले आम्ल नदीत सोडी. ते निवारणारी घराणी दोन. एक भातोजीराव, म्हणजे फुफ्फुसे, छातीच्या गढीत राहात आणि जे आम्ल हवा होऊन उडते ते फुंकोन बाहेर टाकीत. काम चटकन, आवाज मोठा, म्हणोन दरबारी मानही मोठा. दुसरे बहिरजी व गिरजोजी पाझरे, म्हणजे दोन मूत्रपिंडे, पाठीकडे बरगड्यांच्या आडोशास राहणार. जे आम्ल उडत नाही ते सगळे यांच्या माथी. नदी गाळावी, क्षार वेचोन परत नदीत सोडावा, कमी पडला तर नवा घडवावा, आणि आम्ल मोकळे सोडिले तर वाट पोळेल म्हणोन नवसागराच्या जातीच्या उग्र द्रव्यात बांधोन मग मूत्राच्या वाटेने काढोन द्यावे, ऐसा त्या घराण्याचा रिवाज. काम सावकाशीचे, गुण यावयास दोन-चार दिवस लागत, म्हणोन दरबारात त्यांस कोणी पुसत नसे.

त्या चैत्रात ऊन भारी पडिले आणि पाणी कमी आले, मग पाझऱ्यांच्या दारी पाणी पिवळे, आंबट आणि उग्र वासाचे निघो लागले. दिवाण मस्तकपंत, म्हणजे मेंदू, यांनी नाकास रुमाल लाविला आणि भर दरबारी निवाडा केला की आम्ल ज्यांच्या दारातोन निघते तेच ते करितात. काय ही अक्कल! ज्याच्या हाती केरसुणी, त्याणेच केर केला म्हणावयाचे! भातोजीरावांस खरे ठाऊक होते, परंतु शेजाऱ्याची फजिती पाहोन बरे वाटले आणि ते गप्प बसले. बहिरजीस बोलाविले, तो हात जोडोन बोलिला, "पंत, आम्ल आम्ही करीत नाही. तुम्ही सर्वांनी केलेले आम्ही बाहेर नेतो. आमच्या दारचा वास बंद होईल, त्या दिवशी भ्यावे." पंतांनी हे उर्मटपण मानिले आणि नदीचे पाणी पाझऱ्यांकडे नेणारे कालवे आवळावे ऐसी आज्ञा केली, आणि तहानेचा हुजऱ्या ओरडत आला त्यास बाहेर बसविले.

दुसरे दिवशी दारचा वास गेला आणि दरबारात पेढे वाटिले. मग तिसरे दिवशी नदी आंबली. भातोजीराव खोल खोल श्वास टाकीत फुंको लागले, परंतु न उडणारे आम्ल फुंकोन जाते थोडेच! हाडांनी आपला चुना झिजवोन नदीत घातला, हृदयाचा नगारा मध्येच चुको लागला, आणि पंत स्वतः अर्धे वाक्य बोलोन डुलक्या घेऊ लागले. तेव्हां भातोजीराव धापा टाकीत दरबारी आले आणि बोलिले, "पाझऱ्यांस पाणी द्या, नाहीतर सगळे मेलो. बहिरजी खरे बोलत होता, मज पहिल्याच दिवशी ठाऊक होते." तीन दिवस हे तोंड कोठे होते, हे त्यांस कोणी पुसिले नाही. मग हुजऱ्यास आत घेतले, तोंडावाटे पाणी आले, हाताच्या शिरेतोन परराज्याची कुमक म्हणोन मिठाचे पाणी आले, आणि कालवे सुटले. बहिरजी उठोन बसला आणि त्याच क्षणी गाळावयास लागला. गिरजोजीचा कालवा मुळचाच अरुंद, तो कोरडा पडोन आक्रसला होता. बहिरजीने त्यास दोन वेळ हाक मारिली. तो उठला नाही.

चार दिवसांत नदी ठिकाणावर आली. पंतांनी दरबार भरविला, धापा टाकिल्याबद्दल भातोजीरावांस शेला दिला आणि त्यांनी तो घेतलाही. मग कोणास आठवण होऊन पाझऱ्याकडे जासूद गेला की मानासाठी यावे. बहिरजीने मान वर केली नाही. म्हणाला, "गिरजोजीचे कामही आता मजकडेच आहे. येता येत नाही."

ऐसा न्याय त्या राज्यात जाहला. दोघांचे काम एकटा करितो, आणि पंत अद्याप सांगतात की दोष उन्हाळ्याचा होता. आम्हांस हे पटत नाही, म्हणोन लिहोन ठेविले.