उन्नत पश्चभाग

मोटारीचा मागचा भाग दोन बोटं वर राहिला, ही काही आभाळ कोसळावं अशी घटना नव्हती. माणसांचे खांदेसुद्धा कुठे सारखे असतात? पण ज्यांची मोटार होती ते गृहस्थ बांधकाम परवानगीच्या खात्यातून निवृत्त झाले होते आणि त्यांची उभी हयात लोकांच्या गॅलऱ्या मोजण्यात गेली होती. गॅलरी नकाशापेक्षा वीतभर पुढे आली की ते ती पाडायला लावत, आणि मालक रडू लागला की त्याला पाणी देत. खिशात मोजायची टेप कायम असे, म्हणून खात्यात त्यांना टेपसाहेब म्हणायचे. पुढे शेजारीपाजारीही तेच म्हणू लागले. ही थट्टा आहे, अशी शंका त्यांना कधी आली नाही.

मोटार वडिलांची. लाल, दोनच माणसांची, बिनछपराची, आणि इतकी ठेंगणी की आत बसल्यावर बूड रस्त्याला घासतंय की काय असं वाटावं. वडिलांनी ती हौसेनं पळवली आणि थोरल्या मुलीलाही शिकवली. ताईच्या हातात ती लोण्यासारखी चाले. टेपसाहेब मात्र चालवायला बसले की काठोकाठ भरलेली घागर डोक्यावर घेतल्यासारखे जात. मोटार चालवता येत होती मुलीला आणि वारशात मिळाली मुलाला. असं का, हे घरात कुणी विचारलं नाही, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं.

तर त्या ताईचा फोन आला. डोळे अधू होत चालले होते. जवळचं आणि समोरचं अजून ठीक होतं, पण तिचा परवाना महिनाअखेरीला संपत होता आणि नव्या परवान्यासाठी सही करणार नाही, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला सांगून टाकलं होतं. त्याआधी एकदा बाबांची गाडी टेकडीच्या रस्त्यानं न्यायची, एवढंच तिचं म्हणणं होतं. टेपसाहेबांनी तत्काळ होकार दिला आणि मोटारीवरची चादर काढली. मोटार मागून जुन्या खाटेसारखी बसलेली होती.

मागचे पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, दमले होते. मिस्त्रीनं नवे पाटे बसवले. हा मिस्त्री हातापेक्षा तोंडानं जास्त काम करणारा होता. गाडी जॅकवर, चाकं अधांतरी, आणि शेजारच्या दुकानदाराच्या सुनेची हकिकत ऐन रंगात आलेली, अशा अवस्थेत त्यानं सगळे बोल्ट आवळून टाकले. गाडी खाली घेतली तर मागचा भाग वरच, मांजर आळस देताना धरतं तसा.

मिस्त्रीनं मान खाजवली आणि चूक कबूल केली. बोल्ट गाडी जमिनीवर टेकवून आवळायचे असतात. अधांतरी आवळले की आतलं रबर पीळ धरून बसतं आणि गाडीला खाली येऊ देत नाही. "ढिले करतो, गाडी बसेल आपसूक, परत आवळतो. चहा गार व्हायच्या आत होईल," तो म्हणाला.

पण त्याच सकाळी मोटारीची सरकारी तपासणी होती. टेपसाहेबांनी घड्याळ पाहिलं. खात्यानं दिलेली वेळ चुकवायची नाही, हे त्यांनी जन्मभर इतरांना सांगितलं होतं. आल्यावर करू, असं म्हणून ते बायकोला शेजारी बसवून निघाले. तेवढा चहा ते प्यायले असते, तर ही कथा इथेच संपली असती.

तपासणी कार्यालयातला अधिकारी तरुण, नम्र आणि स्वच्छ नखांचा होता. त्यानं जुनी नोंद पाहिली, मोटारीच्या मागे गुडघ्यावर बसून माप घेतलं, पुन्हा घेतलं आणि गंभीरपणे म्हणाला, "पश्चभाग उन्नत आहे."

टेपसाहेबांच्या बायकोला एकदम ठसका लागला आणि ती रुमालात तोंड खुपसून बाहेर गेली. टेपसाहेबांनी बोल्ट, रबर आणि पीळ असं सगळं सविस्तर समजावून सांगितलं. मूळ दोष किरकोळ आहे, हे अधिकाऱ्याला पटावं म्हणून तो आपल्याला आधीच माहीत होता, हेही सांगितलं.

"म्हणजे ठाऊक असून आणलीत," अधिकारी म्हणाला आणि त्यानं शेऱ्यात 'हेतुपुरस्सर' हा शब्द घातला.

मग आत्ता इथेच बोल्ट ढिले करतो, असं टेपसाहेब म्हणाले. त्यावर अधिकाऱ्याला खरोखर वाईट वाटलं. वाहन चौकशीखाली आलं होतं. आता पश्चभागाला हात लावणं म्हणजे पुरावा नष्ट करणं. त्यानं बोल्टांवर कागदी सील चिकटवलं. हे ऐकताना टेपसाहेबांना राग यायला हवा होता, पण त्यांना कौतुकच वाटलं. त्याच्या जागी ते असते, तर त्यांनीही हेच केलं असतं. बाहेर बायकोला ते म्हणाले की पोरगा पुढे जाईल.

पश्चभाग खाली घेण्याची परवानगी मागावी, तर नियमात तशी तरतूद नव्हती. नियम मालवाहू गाड्यांवरून केलेले होते. मागचा भाग खाली आला म्हणजे जादा माल भरला, एवढंच नियमाला ठाऊक होतं. तो आपणहून वर जाईल, असं नियम करणाऱ्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्यामुळे खाली घेणं हा गुन्हा होता. मात्र दोष 'समतलीकरणानं' दूर करता येत होता. मागचा खाली आणायचा नाही, पुढचा वर न्यायचा.

त्यासाठी मोटारीची मूळ उंची किती, याचा दाखला जुन्या मोटारींच्या हौशी मंडळाकडून आणायचा होता. मंडळात या प्रश्नावर उभी फूट पडली. मूळ उंची टाकी भरलेली असतानाची धरावी, असं एका गटाचं मत होतं. टाकी भरलेली ठेवणं ज्यांना परवडत नव्हतं ते रिकामीवर ठाम होते. अध्यक्षांनी राजीनामा दिला, कुणी आग्रह केला नाही म्हणून स्वतःच मागे घेतला, आणि शेवटी असा दाखला दिला की मूळ उंची पाहिलेलं कुणी हयात नसल्यानं कुठलीही उंची मूळ मानण्यास मंडळाची हरकत नाही. कार्यालयाला हा दाखला अतिशय स्पष्ट वाटला.

मिस्त्रीनं पुढच्या स्प्रिंगांखाली ठोकळे घातले. मोटार समतल झाली. पण आता आसन इतकं वर गेलं की नियमाप्रमाणे दाराखाली पायरी लागली. पायरीमुळे रुंदी वाढली, म्हणून दोन्ही अंगांना पिवळे दिवे लागले. दिवे बसवल्यावर त्यांवर चिखल उडू नये म्हणून रबरी पडदे आले. प्रत्येक वेळी टेपसाहेब स्वतः टेप लावून खात्री करत आणि समाधानानं घरी येत. मिस्त्री अधूनमधून बोल्टांची आठवण काढी. त्याला ते दटावत, की आता सगळं रीतसर चाललं आहे, मध्येच बिघडवू नकोस. अखेर मोटारीला 'वाहन मूळ स्थितीत आहे' असं प्रमाणपत्र मिळालं. ते त्यांनी दिवाणखान्यात लावलं.

महिना सरत आला तेव्हा ताई आली. पिशवी खाली न ठेवताच ती अंगणात गेली. मोटारीभोवती एक फेरी मारली, पडदा उचलून पाहिला आणि भावाला विचारलं, "बाबांची गाडी कुठे आहे?"

टेपसाहेबांनी प्रमाणपत्र दाखवलं. ताईनं ते डोळ्यांजवळ धरून शेवटपर्यंत वाचलं. मग पायरीवर पाय देऊन वर चढली, अंगणाला एक वळसा घातला आणि उतरली. ही गाडी नव्हे, माळा आहे, असं ती म्हणाली. आवाज चढवला नाही. तिनं डोळे पुसले, ते धुळीमुळे असावं, असं टेपसाहेबांनी स्वतःला सांगितलं.

जेवताना त्यांनी झाला प्रकार पहिल्यापासून सांगितला. तरतुदी, समतलीकरण, अध्यक्षांचा राजीनामा, काही सोडलं नाही. ताईनं ताट संपवलं. मग तिनं विचारलं, की मुळात करायचं काय होतं? उत्तर त्यांच्या बायकोनं दिलं, "बोल्ट ढिले करायचे होते, ताई."

ताईनं मिस्त्रीला बोलावून घेतलं. तो पाने घेऊन आला खरा, पण प्रमाणपत्रानंतरही बोल्टांवर तसंच राहिलेलं सील बघून मागे सरला. टेपसाहेब मोटारीच्या आणि बहिणीच्या मध्ये उभे राहिले.

"ताई, सील तोडता येणार नाही. आज मी तोडलं, तर उद्या प्रत्येक जण—"

"उद्या मला दिसणार नाही," ताई म्हणाली.

टेपसाहेबांकडे या मुद्द्याला तरतूद नव्हती. जन्मभरात कितीतरी लोकांनी त्यांना असं काहीबाही सांगितलं होतं. आईला उन्हात बसायला तेवढीच जागा आहे, बाळाचा पाळणा तिथेच मावतो. त्या सगळ्यांना त्यांनी पाणी दिलं होतं. आज पाणी मागायची पाळी त्यांच्यावर आली होती. त्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या, ते मोटारीखाली सरकले आणि नखानं सील खरवडून काढलं. मिस्त्रीनं हकिकत सांगायला तोंड उघडलं, तर टेपसाहेबांच्या बायकोनं त्याच्या हातात पाना दिला.

पायरी निघाली, दिवे निघाले, पडदे निघाले, पुढचे ठोकळे निघाले. मागचे बोल्ट ढिले झाले तशी मोटार एक सुस्कारा टाकून खाली बसली, दिवसभर उभं राहिलेल्या माणसाला खुर्ची मिळावी तशी. तिथे, जमिनीवर, मिस्त्रीनं बोल्ट आवळले. खरंच, चहा गार झाला नव्हता.

ताई मोटार घेऊन निघाली. टेपसाहेब शेजारी, दार दोन्ही हातांनी धरून. टेकडीच्या रस्त्यावर दूरच्या पाट्या तिला वाचता येत नव्हत्या, म्हणून ते मोठ्यानं वाचून दाखवत होते: पुढे वळण आहे, वेग कमी करा. ताई प्रत्येक पाटी नीट ऐकून घेत होती आणि वेग तसाच ठेवत होती. तिसऱ्या की चौथ्या वळणावर टेपसाहेबांनी वाचणं सोडलं. माथ्यावर पोहोचल्यावर ताईनं मोटार थांबवली. मग टेपसाहेब म्हणाले की गाडी तुझ्याच नावावर व्हायला हवी होती. ताई म्हणाली, "हो."

परत आले तर फाटकापाशी तो नम्र अधिकारी वाट पाहत उभा होता. त्यानं माप घेतलं. नोंदीपेक्षा आता पश्चभाग अवनत होता, सील गायब होतं आणि प्रमाणपत्राप्रमाणे ही मूळ मोटार नव्हती. ती उचलून नेण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हतं. चालवत कोण होतं, असं त्यानं विचारलं. टेपसाहेब आयुष्यात पहिल्यांदा सरकारी प्रश्नाला खोटं बोलले. "मी," ते म्हणाले, आणि फारच सुरेख चालवली, असंही सांगितलं.

मोटार दोरीनं बांधून निघाली तेव्हा त्यांनी तक्रार कुणी केली ते विचारलं. अधिकाऱ्यानं सांगितलं, की फोन आला होता, बहुतेक याच गल्लीतून. नाव गुप्त ठेवण्याची विनंती होती. आवाज अत्यंत सभ्य होता. त्रास दिल्याबद्दल आधी माफी मागितली, साहेबांशी काही वाकडं नाही म्हणाला. फक्त नियम सगळ्यांना सारखा असावा, एवढंच.

टेपसाहेबांनी मान हलवली. असे फोन त्यांना पाठ होते. त्यांनी एकही गॅलरी आपल्या मनानं पाडली नव्हती. दर वेळी आधी कुणाचा तरी फोन आलेला असे, आणि तो माणूस दर वेळी चांगल्या घरचा, वाचनाची आवड असलेला, व्यवस्थेच्या नावानं बोटं मोडणारा असे. त्यांनी वर पाहिलं. घराघरांत लोक कपडे वाळत घालत होते, कुंड्यांना पाणी घालत होते. मोटार गेल्याचं सगळ्यांना मनापासून वाईट वाटलं होतं. दोघा-तिघांनी हात हलवला. त्यांनीही हलवला.

ही हकिकत पुढे त्या फोन करणाऱ्याच्याही वाचनात आली. सरकारी कारभाराची बरी खोड मोडली आहे म्हणून तो पोटभर हसला, घरच्यांना त्यातला उतारा वाचून दाखवला आणि चष्मा पुसत खिडकीशी जाऊन उभा राहिला. समोरच्यांनी गच्चीवर नवा पत्रा घातलेला दिसत होता. परवानगी घेतली असेलच म्हणा. पण विचारून ठेवायला काय हरकत आहे, असं त्याच्या मनात आलं.

तुमच्याही मनात येतं. खात्याचा नंबर कुठे लिहून ठेवला आहे, तेवढं फक्त आठवा.