निम्मं हौसेनं

ये, अशी जवळ सरक. उंबऱ्यावर काय टेकलीस, आत ये. आणि आधी त्या पोरांवर ओरडणं थांबव बघू. मघापासून ऐकतेय मी, "ताट उचल, केर काढ, नाहीतर पाठीत धपाटा!" अगं, धपाट्यानं ताट उचललं जातं, पण आपटून. लेकरांना कामाची गोडी अशी लागत नसते. कशी लागते ते तुला बायाक्काचं सांगितलं म्हणजे कळेल. थोडं भ्यायला होईल, पण ऐक.

आमच्या शेजारच्या बायाक्काची म्हैस रोज निम्मीच धुतलेली असायची.

खोटं नाही सांगत. पुढून बघावी तर शिंगांना तेल, कपाळ कसं लख्ख, मान काळीभोर. आणि पोटाच्या मध्यावर रेघ मारल्यासारखी सगळी शोभा संपायची. तिथून शेपटीपर्यंत नुसता चिखल. पुढून राणी आणि मागून उकिरडा!

संस्थान विलीन झालं त्याच्या मागंपुढंची ही गोष्ट. आम्ही शाहूपुरीत नवीन बिऱ्हाड केलं होतं. आमचे हे गुळाच्या अडतीवर कारकून. घरात मी, सासूबाई आणि आमची लहानगी कमल. भिंतीपलीकडं बायाक्का. नवरा कधीचाच गेलेला, गावाकडची शेती भाऊबंदांकडं, आणि हिच्याकडं ही म्हैस. दुधाचे रतीब घालून राहायची. कपाळ मोठं, आवाज त्याहून मोठा. पण एक खोड होती. बोलताना तोंडाकडं बघायची नाही. समोरच्याच्या हातांकडं बघून बोलायची.

पहिल्याच दिवशी दूध आणायला गेले तर ही निम्मी म्हैस धुऊन बादली पालथी घालत होती. मी विचारलं, "अहो, मागचं राहिलं की!"

"ऱ्हाऊ दे की, वैनी," माझ्या हातातल्या तांब्याकडं बघत ती म्हणाली, "निम्मं हौसेनं होतंय."

मी घरी पोचायच्या आत गल्लीतली पाच-सहा पोरं नारळाच्या शेंड्या घेऊन म्हशीच्या मागच्या निम्म्यावर तुटून पडली होती. शेपटी कोण धुणार यावरून भांडत होती! घरी पाण्याचा तांब्या न उचलणारी पोरं, बरं का.

मग लक्षात आलं, बायाक्काचं सगळंच निम्मं. अंगण निम्मं सारवलेलं. पातेलं एका बाजूनं चांदी, दुसऱ्या बाजूनं अमावस्या. दारातली रांगोळी मधोमध कापल्यासारखी निम्मी. वाल निम्मे सोललेले. डोक्याची वेणी निम्म्यापर्यंत घालून खाली केस मोकळे, आणि कुणीतरी पोरगी मागं बसून उरलेली वेणी घालतेय. गोष्टसुद्धा निम्मी सांगायची मेली. "आन् मग वाघानं दार वाजवलं..." एवढ्यावर उठायची. उरलेली उद्या. विचारलं की एकच उत्तर, "निम्मं हौसेनं होतंय."

मला भारी कौतुक वाटलं. काय शहाणी बाई, म्हटलं! आपण सगळं काम सांगतो म्हणून लेकरं पळतात. ही सुरुवात करून देते आणि उरलेलं त्यांच्या हौसेवर सोडते. मी तर चार बायकांत ते सुभाषितासारखं सांगत सुटले. घरीही करून बघितलं. निम्म्या सोप्याचा केर काढला, केरसुणी तिथंच ठेवली आणि आत जाऊन बसले. थोड्या वेळानं सासूबाईंचा आवाज, "अगं, सूनबाई केर काढता काढता माहेरी गेली का काय?" आणि आमची कमल? केराच्या ढिगावरून उडी मारून बायाक्काकडं भांडी घासायला पळाली.

का जमलं नाही, ते मला पुढं हळूहळू उमगत गेलं. 

तिच्या परसात पोरं भांडी घासायला गोल बसायची. त्या गोलात एक जागा रिकामी असायची. तिथं राखेची वाटी, काथ्या, आणि एक छोटीशी लोटी, निम्मी घासलेली. एकदा कमलला बोलवायला गेले आणि दमून तिथंच टेकणार, तर सगळ्या पोरांचे हात जागच्या जागी थांबले. कमल हळूच म्हणाली, "आई, तिथं नको. ती येते."

"ती कोण?"

"माहीत नाही. आम्ही करायच्या आत ती करते. म्हणून तर आम्ही भराभरा करतो."

दुपारची वेळ होती. लख्ख ऊन. तरी मानेवरनं काहीतरी सरकल्यासारखं झालं. बायाक्का म्हशीपाशी बसून पोरांचे हात न्याहाळत होती. एकेक हात. तोंडाकडं एकदाही बघितलं नाही.

एका पहाटे दळायला मी तिच्याकडं गेले. आमच्या जात्याचे दात झिजले होते, टाकी लावून घ्यायची होती. बायाक्का एकटीच दळत होती, पण खुंटा कसा धरलेला? अगदी खाली. वरची जागा दुसऱ्या हातासाठी मोकळी सोडून. आपण दोघी बसलो की धरतो ना, तसा. मी समोर बसले, वर हात ठेवला. आणि सांगते तुला, जातं इतकं हलकं फिरायला लागलं की माझ्या हाताला ओढच लागेना. दोन बायकांचं जातं असं फिरत नाही गं. मी तोंडातल्या तोंडात रामरक्षा सुरू केली. बायाक्का पिठाकडं बघत म्हणाली, "भ्याचं काय त्यात, वैनी? निम्मं हौसेनं होतंय."

घरी येऊन मी सासूबाईंना सांगितलं, आणि तीच चूक झाली. सासूबाईंना सांगणं म्हणजे दवंडी! सांजेपर्यंत गल्लीभर झालं, बायाक्काच्या घरात कायतरी आहे. कुणी म्हणालं मुंजा, कुणी म्हणालं हडळ. सासूबाईंनी कमलला बजावलं, "पुन्हा त्या घरात पाऊल टाकलंस तर तंगडी मोडीन." घरोघरी तेच झालं. दुसऱ्या दिवसापासून एक पोर तिकडं फिरकेना.

पहिल्या दिवशी म्हैस निम्मीच राहिली. दुसऱ्या दिवशीही. निम्मी वेणी घालून, पाठीवर केस मोकळे सोडून बायाक्का रतीब घालत फिरायची, म्हणून बायका आणखीनच घाबरायच्या. दारातल्या रांगोळीत ऊन चढायचं, दुपार व्हायची, सांज व्हायची, रांगोळी निम्मीच. मला बघवेना. पण सासूबाईंपुढं बोलायची माझी छाती नव्हती.

शेवटी एका सकाळी दूध आलं नाही. सासूबाई तावातावानं निघाल्या, त्यांच्यामागं मी. बायाक्का दारात निम्म्या रांगोळीपाशी बसली होती. म्हैस आत हंबरत होती.

"अगं बायाक्का, धारा काढल्या नाहीस? आजारी का काय?"

"न्हाय, काकू." तिचा तो दणदणीत आवाज कुठं गेला होता कोण जाणे. "काल दिसभर बगितलं, परवा बगितलं. हौसेनं कायबी झालं न्हाय."

सासूबाई फटकळ. त्या बोलून गेल्या, "होणार कसं? हौस मेली आता!"

त्यांना म्हणायचं होतं पोरांची हौस. पण बायाक्काचा चेहरा असा झाला, जणू कुणी तोंडात मारली. आणि तिनं पहिल्यांदाच मान वर करून सरळ सासूबाईंच्या डोळ्यांत बघितलं.

"मेली म्हनू नगासा, काकू. हौसा मेली न्हाय. येती म्हनून गेलीया."

हौसा! अगं, तिच्या लेकीचं नाव हौसा. एवढे दिवस आम्ही हौस समजत होतो, आणि ती आपल्या लेकीचं नाव घेत होती. निम्मं हौसेनं होतंय. म्हणजे निम्मं माझी हौसा करतेय.

मग तिनं सांगितलं. गावाकडं होती तेव्हाची गोष्ट. हौसा आमच्या कमलएवढीच. सकाळी दारात रांगोळी घालत होती, तोवर कागलहून तिच्या मामाची गाडी आली. पोरगी चिमटीतली रांगोळी तशीच टाकून गाडीत चढली. "मी वरडले, निम्मी ऱ्हायलीया गं भवाने! तर गाडीतनं म्हनती कशी, ऱ्हाऊ दे की, येती की मी पुरी कराय." बायाक्काची नजर निम्म्या रांगोळीवर गेली. "धा-बारा दिसांनी गाडी आली. मामा एकलाच उतरला."

 पुढचं आम्ही विचारलं नाही. तापाचं वर्ष होतं ते.

"मी समदं पुरं केलं तर तिला परत याला काय ऱ्हायलं, काकू? म्हनून निम्मं ठेवते. पोरं हात लावत्यात तवा मी तोंडं न्हाय बगत. हात बगते. त्यातला येक तिचा आसंल."

मी पदर डोळ्यांना लावला. सासूबाई मात्र तशाच उभ्या. मग त्यांनी नाक ओढलं, भिंतीकडं तोंड केलं आणि अशा ओरडल्या की पारव्यांचा थवा उडाला, "कमे! कुठं मेलीस? इकडं ये! बायाक्काची रांगोळी निम्मी राहिलीय!"

कमल वाटच बघत होती. ती धावली, तिच्या पाठोपाठ शेजारची, त्यांच्या पाठोपाठ पलीकडची. घरोघरच्या आया दारात येऊन बघत राहिल्या, पण सासूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या, कुणाची बोलायची छाती! त्या स्वतः गुडघे कुरकुरवत खाली बसल्या. मी या घरात आल्यापासून ज्यांनी काडी इकडची तिकडं केली नव्हती, त्या. चिमटीत रांगोळी घेतली आणि म्हणाल्या, "सरका गं. आणि ती जागा मोकळी ठेवा, कमेच्या शेजारची."

बायाक्कानं मान खाली घातली. रांगोळीवर पोरांचे हात भराभरा फिरायला लागले, एकात एक, काचेच्या बांगड्या किणकिणायला लागल्या. त्यात हात किती होते ते मी मोजलं नाही. बायाक्काही मोजत नव्हती. नुसती बघत होती.

अगबाई, निघालीस? बस की जरा. बरं, पोरांना उशीर होतोय म्हणतेस तर नीघ. पण हे सूप बघून जा. घेवड्याच्या निम्म्या शेंगा मी निवडल्यात, निम्म्या तशाच ठेवल्यात. तुझ्या पोरांच्या हातच्या आहेत त्या, दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही.

"येते" म्हणालीस ना आत्ता? मग ये. पोरांना घेऊन ये, आणि लवकर ये गं बाई.