हिलालनानांची हाक

आमच्या घरात घड्याळ नव्हतं. सुरतेत उधन्याला एका खोलीत आम्ही सहा माणसं राहत होतो. भिंतीला खिळे भरपूर होते, पण प्रत्येक खिळ्यावर कुणाचे ना कुणाचे कपडे लटकलेले. वडील पॉवरलूमच्या खात्यात कारीगर होते. कारखान्याला सुरतेत खातं म्हणतात. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. पोचायला उशीर झाला की त्यांच्या मशीनवर दुसरा माणूस उभा, आणि त्या दिवशी घरी आई वरणात पाणी जरा जास्त घालायची. अशा घराला घड्याळ सगळ्यात आधी पाहिजे. पण आम्हाला त्याची कधी गरज पडली नाही, कारण आमच्या भिंतीला लागून हिलालनाना राहायचे.

पहाटे नाना हाक मारायचे, "आवं, चहा ठेव ना वं!"

ही हाक त्यांच्या बायकोला, म्हणजे इंदूमावशींना असायची. पहिल्या हाकेला आमचे वडील उठून बसायचे. दुसऱ्या हाकेला खोल्यांच्या सगळ्या ओळीतले दिवे लागायचे, पलीकडच्या भय्याच्या म्हशी उभ्या राहायच्या. तिसऱ्या हाकेला पत्र्यावरची कबुतरं उडायची. एवढं सगळं झाल्यावर, ज्यांच्यासाठी हाक होती त्या इंदूमावशी सावकाश स्टोव्हला पंप मारायला बसायच्या.

ओळीतल्या बायका म्हणायच्या, "काय माणूस आहे! आणि काय त्या माऊलीचा संयम! एका शब्दानं उलटून बोलत नाही." पुरुष म्हणायचे, "आपली असती तर कधीच माहेरी गेली असती." नानांच्या तापटपणावर आमच्या ओळीचं एकमत होतं. इतर कुठल्याही विषयावर ते नव्हतं.

नाना खात्यात जॉबर होते. लूम बिघडला की तो खोलून, ठोकून, परत चालू करणारा माणूस म्हणजे जॉबर. उंची बेताची, खिशात पाना, दुसऱ्या खिशात हिरवी मिरची. मिरची जेवणाआधी संपली तर रागावत. त्यांच्या मते जगातल्या प्रत्येक गोष्टीला एक सेटिंग असतं. नळाला पाणी कमी आलं की "सेटिंगमा फरक शे." कुणाचं लग्न मोडलं की "दोन्ही घरस्नं सेटिंगच बसनं नही." देशाचं सरकार पडलं तरी नाना एवढंच म्हणाले, आणि टीव्हीच्या खालच्या बाजूला पान्यानं एक ठोका दिला.

जेवणात त्यांना ठेचा लागायचा, ठेच्यावर वरून मीठ लागायचं. कांदा फोडला की मीठ. ताकात मीठ. कैरीच्या दिवसांत तर ते कैरी मिठाला लावून खायचे की मीठ कैरीला लावून, ते सांगता येत नसे.

अशा माणसाला ब्लडप्रेशर असल्याचा शोध लागला तो दातामुळे.

मी तेव्हा नुकतीच बी.कॉम. झाले होते. आमच्या घराण्यातली मी पहिली पदवीधर. हे मी सांगते कारण ते सांगण्यासारखं आहे. पदवी मिळाल्यावर नोकरी लागायला वेळ लागला, पण ओळीतल्या लोकांनी मला दुसऱ्याच दिवसापासून कामाला लावलं. बँकेत, रेशनच्या कचेरीत, दवाखान्यात, कुठेही जायचं तर "शिकेल पोर" बरोबर हवी. नानांची दाढ दुखायला लागली तेव्हा दातांच्या डॉक्टरकडे मीच गेले.

डॉक्टरनं दाढ बघितली आणि नानांच्या दंडाला पट्टा गुंडाळला.

नाना माझ्याकडे बघून म्हणाले, "दात तोंडमा शे ना? मंग पट्टा दंडले कसाले?"

डॉक्टरनं फुगा दाबला, पारा बघितला, परत दाबला, परत बघितला, आणि दाढेला हात न लावता आम्हाला शेजारच्या मोठ्या डॉक्टरकडे पाठवलं. मोठे डॉक्टर वयस्क गुजराती गृहस्थ. त्यांनीही तेच केलं आणि चष्मा काढून ठेवला.

"काका, प्रेशर बहु वधारे छे. मीठुं बंध. तमाकु बंध. अने आ बूमाबूम बंध."

बूमाबूम म्हणजे आरडाओरडा. तो बंद करायला सांगण्यासाठी डॉक्टरांना काही तपासावं लागलं नव्हतं. नानांनी बाहेर बाकावर बसून नंबरची चौकशी केली होती, ती आत ऐकू आली होती.

नानांनी वर केलेली बाही खाली ओढली. मग म्हणाले, "मीठ सोडसू. तंबाखू सोडसू. पन आवाज कसा सोडू?"

डॉक्टर हसले. मीही हसले. दारुडा दारूबद्दल जे बोलतो ते हा माणूस ओरडण्याबद्दल बोलतोय, एवढंच आम्हाला वाटलं.

नानांना बीपी निघाला ही बातमी ते घरी पोचायच्या आत ओळीत पोचली. आमच्याकडे तोवर लोकांना हिवताप, कावीळ, मुतखडा असे कष्टकऱ्यांचे आजार होत. बीपी हा शेठलोकांचा आजार. तो आमच्या ओळीत पहिल्यांदाच आला होता, त्यामुळे लोक नानांकडे जरा आदरानं बघायला लागले. संध्याकाळी बीपी बघायला माणसं येऊन बसायची. कुणी लसूण आणला, कुणी दुधीचा रस. एकानं तांब्याचं कडं दिलं आणि दुसऱ्यानं ते काढायला लावलं. एकजण म्हणाला, पहाटे अनवाणी हिरवळीवर चाला. मग उधन्यात हिरवळ कुठे आहे यावर चर्चा झाली, आणि सगळ्यात जवळची हिरवळ रेल्वेच्या साहेबाच्या बंगल्यात सापडली. तिथे कुत्रं होतं.

नाना पाहुण्यांना आजार समजावून सांगत. "हे पहा, वरनं प्रेशर आनि खालनं प्रेशर. आपला ताना आनि बाना. ताना जास्ती ताईसनी धरा, का धागा तुटस." लोक माना हलवत. मला वाटतं, डॉक्टरांपेक्षा नानांनी ते जास्त चांगलं सांगितलं. अडचण पुढे होती. दोन आठवडे गोळ्या घेतल्यावर प्रेशर थोडं उतरलं, आणि नानांनी गोळ्या फळीवर ठेवून दिल्या. कारण काय, तर लूमचं सेटिंग एकदा बसलं की त्याला पाना लावायचा नसतो. चांगल्या चाललेल्या मशीनला हात लावतो तो जॉबर नव्हे. चार दिवसांनी खात्यात लूमच्या बीमवर वाकले असताना नानांना अंधारी आली आणि ते तिथेच बसले. वडील त्यांना धरून घरी घेऊन आले.

डॉक्टर या वेळी हसले नाहीत. गोळी रोज, जन्मभर, आणि ओरडणं बंद, नाहीतर अर्धांग होईल, असं त्यांनी मला स्पष्ट सांगितलं. मी ते ओळीत स्पष्ट सांगितलं.

झालं. ओळीनं नानांचा जीव वाचवायचं ठरवलं, आणि जीव वाचवायला निघालेली ओळ फार धोकादायक असते. सगळ्यांनी मिळून दोष शोधला, आणि तो इंदूमावशींमध्ये सापडला. कालपर्यंतची संयमी माऊली एका दिवसात हट्टी बाई झाली. ही पहिल्या हाकेला उठत नाही, म्हणून त्यांना तीनदा ओरडावं लागतं, म्हणून प्रेशर चढतं.

त्या दिवसांत अंगणात बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालणं चालू होतं. सगळ्या बायका गोल बसलेल्या. इंदूमावशी पाठमोऱ्या बसून एकेक बिबडा थापत होत्या. आई मागून म्हणाली, "इंदूबाई, नवरा वाचवायचा असेल तर पहिल्या हाकेला ओ देत जा बरं." मावशी थापत राहिल्या. दुसरी एक म्हणाली, "बघा, किती ताठा!" मावशींनी पुढचा बिबडा थापायला घेतला.

नाना दारात उभे होते. ते ताडकन पुढे आले आणि एवढ्या मोठ्यानं ओरडले की ओला बिबडा आईच्या हातातून सुटला. "तिले काही बोलानं नही! मी वरडस, मनी सवय शे! मी शे तापट!"

माणूस आपल्या रागाचा एवढा अभिमान बाळगताना मी पहिल्यांदाच बघितला.

दुसऱ्या दिवशी पहाटे हाक आली नाही.

ओळीतले निम्मे कारीगर झोपून राहिले. वडील उठले तेव्हा ऊन दारात आलं होतं. रस्त्यानं बंडी सावरत पळणारी माणसं एकमेकांना विचारत होती, "नाना गेले की काय?" नाना गेले नव्हते. ते ओट्यावर बसून दात घासत होते. एवढी माणसं आपल्या अंगणातून पळताना बघून त्यांना थोडा आनंद झाला असावा. पुढच्या पगाराला आमच्या घरात घड्याळ आलं. एका खिळ्यावरचे कपडे काढावे लागले.

त्यानंतर ओळ सुधारली म्हणायची. नाना बोलेनासे झाले. लोक म्हणाले, गोळी लागू पडली. मला मात्र एक कळेना. हाक नाही, तरी नानांचा चहा वेळेवर होत होता. जेवण वेळेवर होत होतं. पूर्वी तीन हाकांना हलत नव्हती ती बाई आता एकाही हाकेशिवाय सगळं करत होती.

एक दिवस दुपारी मी त्यांच्याकडे गोळ्या पोचवायला गेले. दार उघडंच होतं. मावशी पाठ करून धान्य निवडत होत्या. नाना खाटेवर बसले होते. त्यांनी मला बघितलं नाही. त्यांनी खाटेखालून धागा गुंडाळायची एक रिकामी बॉबिन काढली, फरशीवर ठेवली आणि हलकेच सोडली. बॉबिन घरंगळत गेली आणि मावशींच्या पावलाला लागली. मावशींनी वळून बघितलं. नानांनी अंगठा ओठांकडे नेला. मावशींनी दोन बोटं चिमटीत धरून दाखवली. नानांनी जोरात मान हलवली, आणि मावशी तोंडाला पदर लावून हसल्या.

मी लूम कारीगराची मुलगी. ही भाषा मला येते. खात्यात शेकडो लूम एकदम खडखडत असतात, तिथे कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही, म्हणून सगळे हातांनी आणि ओठांनी बोलतात. अंगठा ओठांना म्हणजे चहा. चिमूट म्हणजे धागा तुटला. मिशीला पीळ म्हणजे शेठ आला. पण ते खात्यात. घरात, दुपारच्या शांततेत, ही भाषा कशाला? घरात चिमटीचा अर्थ मीठ असणार, चहातसुद्धा मीठ टाकू का, अशी थट्टा चालली होती.

मी मावशींच्या पाठीमागे उभी राहून त्यांना हाक मारली. मग परत मारली. त्या धान्य निवडत राहिल्या.

नाना उठून मला बाहेर घेऊन आले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना हळू बोलताना ऐकलं.

"पोरी, कोनले सांगू नको."

मावशी किती वर्षं खात्यात बॉबिना भरायला होत्या, हे आम्हाला माहीत होतं. काम सोडून घरी बसल्या तेव्हा गुडघे दुखतात असं सांगितलं होतं. गुडघे नव्हते दुखत. लूमच्या खडखडाटानं कान गेले होते, फार मोठा आवाजच तेवढा थोडाफार पोचायचा. गावाकडे मावशींच्या आत्याला ऐकू यायचं नाही. तिला सगळा गाव बहिरी म्हणूनच ओळखायचा, पोरं मागून येऊन टाळ्या वाजवायची. तिचं खरं नाव कुणाला आठवत नव्हतं. मावशींना त्याचीच भीती होती.

"मीच लई गयथू तिले खातामा," नाना म्हणाले. मावशींना खात्यात कामाला त्यांनीच नेलं होतं. "तिले बहिरी म्हनतीन. माले तापट म्हनतस. म्हनू दे. मनं काय जास?"

त्यांचं काय जात होतं ते डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि ते त्यांनी ऐकलंही होतं. म्हणून तर बॉबिन काढली होती. पण अंगणात, नळावर, बाजारात बॉबिन कशी घरंगळणार? तिथे कुणी मागून हाक मारली की नानांना पुन्हा ओरडून पुढे यावं लागणार होतं.

मी म्हटलं, "नाना, कानाला मशीन मिळतं. मशीन म्हटलं की तुम्हाला सेटिंग आलंच पाहिजे."

हे त्यांना पटलं. मावशींना पटवायला जास्त वेळ लागला, पण ते काम नानांनी केलं, हातांनीच. काय बोलले ते मी बघितलं नाही. मी मुद्दाम तोंड फिरवून बसले होते.

सरकारी दवाखान्यात कानाच्या डॉक्टरांनी मावशींच्या पोलक्याला एक छोटी डबी अडकवली. तिची वायर कानात. डॉक्टरांनी नानांना मावशींच्या मागे उभं केलं आणि काहीतरी बोला म्हणून सांगितलं. नाना घाबरले. एवढी वर्षं पाठीमागून ओरडलेला माणूस, त्याला शब्द सुचेना. शेवटी खाली वाकून, जेमतेम ओठ हलवत, ते म्हणाले, "चहा लेशी का वं?"

मावशी दचकल्या. वळून नवऱ्याला म्हणाल्या, "हळू बोला ना! लोके काय म्हनतीन!"

नाना मटकन स्टुलावर बसले आणि उपरण्यानं तोंड पुसत राहिले. डॉक्टरांना वाटलं प्रेशर वाढलं. त्यांनी पट्टा आणायला सांगितला.

मावशींनी मशीन पदराखाली लपवलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "हाऊ मना रेडिओ शे." पोरं टाळ्या वाजवायला आली, तेव्हा मावशींनी त्यांना जवळ बोलावून डबीचं बटण फिरवून दाखवलं. मग पोरांचं रोजचं भांडण बटण कोण फिरवणार यावर व्हायला लागलं. आई एक दिवस बिबडे घेऊन गेली आणि बराच वेळ बसून आली.

नानांच्या दाढेचं शेवटी काम झालं. डॉक्टरांनी आधी पट्टा लावला, पारा बघितला आणि दाढ काढली. गोळी ते रोज घेतात. मीठ बेतानं खातात. प्रेशर नॉर्मल आहे. इंदूमावशींना पहिल्या हाकेला ऐकू येतं.