गौरीच्या अंबाड्यातला कंदील

चौलात गौर सजवावी तर या कमळनेच! बाकीच्यांच्या गौरी म्हणजे लुगडं नेसवलेल्या केरसुण्या! गेल्या वर्षी तेरडा आणायला डोंगरावर गेले, तर कड्यावर कंदिलासारखं एकच फूल लटकलेलं. म्हटलं, हे माझ्या गौरीचं! कोयत्यानं वेल छाटला, घरी येऊन फूल गौरीच्या अंबाड्यात खोवलं.

दुपारी मृणाली रडत आली. अलिबागची पोर, आमच्या पडवीतल्या खोलीत राहून रानफुलांचा अभ्यास करते.

"काकी, माझा वेल कुणीतरी कापला! अख्ख्या जगात कुणाला ठाऊक नसलेलं फूल! ते उमलायची मी किती वाट बघितली! आता फूलच नाही, तर नाव कशाला देऊ?"

"कापणाऱ्याचे हात झडोत!" मी कडाडले. "चल, आधी कुंकू घे."

ती गौरीपुढे वाकली ती वाकलेलीच राहिली. "काकी... हे..."

मी हात पदराखाली लपवले!

"द्या की काढून," सून विनिता म्हणाली.

"देवीच्या डोक्यातलं ओरबाडू? कौल लावूया. उजवीकडे पडलं तर तिनं दिलं. न्हायतर परवा जाईल तिच्यासंगं खाडीत!"

बसलो. फूल ढिम्म! विनिताचा हात हळूच पंख्याच्या बटणाकडे.

"विने, देवीला फसवतेस?"

मृणालीनं माझ्या हाती भिंग दिलं. "निदान बघा तरी नीट."

बघितलं, आणि डोळा भिंगालाच चिकटला! इवलासा कंदील, आत जांभळी लव, तळाशी एक चिलट कोंडलेलं.

"मेलं का गं?"

"नाही काकी. लव सुकली की फूलच त्याला सोडतं, पराग अंगाला लावून."

जन्मभर ज्या डोंगरावर लाकडं तोडली, तो एवढं राखून होता! "अगो बाय!" माझा श्वासच सुटला, आणि टप्! फूल उजवीकडे!

तुमच्या फुंकरीनं पडलं, असं विनिता म्हणते. म्हणू दे.

"आणि वेल गं?" मी विचारलं.

"कंद जमिनीत शाबूत आहे. फुटेल परत. आणि नावाचं म्हणाल, तर माणसाचंही देता येतं."

झालं! अख्ख्या आळीला सांगून आले, आता कमळचं नाव सातासमुद्रापार!

यंदा गौर बसली आणि मृणाली फुलाचं नाव छापलेला कागद घेऊन आली.

"पहिलं नाव कुळाचं काकी, आपल्या आडनावासारखं. दुसरं या फुलाचं स्वतःचं."

"कमळ ना?"

"गौरी. जिनं दिलं, तिचं."

दुसरी कुणी असती तर झिंज्या उपटल्या असत्या! पण ही गौर पडली माहेरवाशीण. मुकाट्यानं घावन-घाटलं पुढ्यात ठेवलं. मुखवटा गालात हसत होता.

यंदा अंबाड्यात नुसता तेरडाच हाय.