डाव्या चाकातली खटखट

त्या सोमवारी ग्रंथपालांनी गाडीतला रेडिओ बंद केला, एवढंच निमित्त झालं.

सव्वीस वर्षं वाचनालयात "शुऽऽ" करत हिंडल्यामुळे वाचक त्यांना पाठीमागे 'शुकशुकाटे' म्हणत. (त्यांना वाटे, हे कुणीतरी नवे सभासद आहेत.) बायको तीन आठवड्यांपूर्वी लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. जाताना "गाडी रोज काढा, नाहीतर बॅटरी बसेल," असं बजावून गेली होती. त्या दिवशी रेडिओवरचा माणूस उगाचच हसत सुटला, म्हणून शुकशुकाटेंनी त्याला गप्प केलं आणि पहिल्याच गतिरोधकावर गाडीच्या पुढून आवाज आला. खट्!

त्यांनी डिकी रिकामी केली. जॅक घरात आला, स्टेपनी सोफ्याशेजारी बसली. आवाज तसाच. दुसऱ्या दिवशी दाराचा कप्पा उपसला. त्यात बायकोच्या केसांच्या दोन पिना निघाल्या आणि सामानाची एक अर्धवट यादी. यादीत सगळ्यात शेवटी 'ह्यांचे मोजे' असं लिहिलं होतं. ते वाचून शुकशुकाटे पार्किंगमध्ये बराच वेळ तसेच बसून राहिले. (आवाजाशी याचा काही संबंध नव्हता.)

लेकीकडे बायकोला फोन म्हणजे दीड मिनिटाचा कारभार. "जेवलात? गोळी घेतली? ठेवते हं, बाळ उठलंय." पण त्या संध्याकाळी ते घाईघाईने म्हणाले, "अगं, गाडी खटखट करतेय."

"कुठून?"

"पुढून."

"डावीकडून की उजवीकडून?"

"तसं... मधूनच."

"अहो, मध्ये चाक असतं का? ब्रेक मारल्यावर येतो?"

"नाही. हळू जाताना, गतिरोधकावर."

"मला ऐकवा बघू."

मग त्यांनी फोन स्पीकरवर टाकून शेजारच्या रिकाम्या सीटवर ठेवला, त्याला पट्टा बांधला आणि वाचनालयाच्या आवारातल्या गतिरोधकावरून गाडी अकरा वेळा नेली. पहारेकरी सलाम करून करून दमला. फोन बेचाळीस मिनिटं चालला! दोन खटखटींच्या मध्ये बायकोने नातीचे गाल, लेकीची चिडचिड आणि जावयाने जाळलेलं दूध, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "डावीकडचंच आहे. उद्या मिस्त्रींना दाखवा."

"उद्या पुस्तकांची मोजणी आहे," शुकशुकाटेंनी थाप मारली.

ती मोजणी चार दिवस चालली. रोज संध्याकाळी फोन पट्टा लावून सीटवर बसे आणि गाडी आवारात फेऱ्या घाली. पाचव्या दिवशी मात्र बायकोचा स्वर बदलला. "अहो, चाकाचंच काही असलं म्हणजे? तुम्हाला काही झालं तर मी इथे काय करू?" त्यावर त्यांना थाप सुचेना. गेले मुकाट्याने गॅरेजात.

मिस्त्री शेजारी बसून, डोळे मिटून एक चक्कर मारून आले. मग गाडी जॅकवर चढवून त्यांनी चाकामागचा एक लोखंडी दांडा पहारीने हलवला. खट्!

"लिंक रॉड. सांधा झिजलाय. अर्ध्या तासाचं काम."

"आठवडाभर तसंच नाही का चालणार?"

मिस्त्रींनी वर पाहिलं. "साहेब, वर्षभर तसंच चाललंय हे. एवढा आवाज तुम्हाला ऐकू कसा नाही आला?"

शुकशुकाटे डाव्या सीटकडे बघत राहिले. वर्षभर रोज सकाळी, ती शिकवते ती शाळा येईपर्यंत, त्या सीटवरून अखंड बोलणं चाले. हे "हं, हं" करत. कधीकधी तर "जरा गप्प बसशील का?" असंही म्हणत.

"शेजारी बोलणारं माणूस होतं," ते म्हणाले.

परतताना गाडी लोण्यातून जावी तशी आली. सव्वीस वर्षं वाचकांकडे मागूनही मिळाली नव्हती इतकी शांतता गाडीत होती. त्यांना ती घरापर्यंतही सोसवली नाही.

संध्याकाळी बायकोने विचारलं, "झाली दुरुस्त?"

"कुठची! अजून वाजतेय," तोंडातून निघून गेलं.

"ऐकवा."

आता आली पंचाईत! ते स्वयंपाकघरात उभे होते. समोर कढई होती, त्यांनी उलथनं उचललं आणि हाणलं. खट्!

"पुन्हा."

या वेळी त्यांनी तोंडाने "घुर्रर्र" करून इंजिनही जोडलं.

 पलीकडून ती म्हणाली, "अहो, ती माझी बिडाची कढई आहे ना?"

शुकशुकाटेंनी उलथनं हळूच ओट्यावर ठेवलं.

"नुसतं बोलायला फोन केला असतात तरी चाललं असतं की."

"तिथे बाळ उठतं..."

"उठू दे." तिचा आवाज एकदम मऊ झाला. "रविवारी येतेय मी."

शुकशुकाटेंनी उलथन्याकडे पाहिलं. आपल्या उलथन्यात एवढी ताकद असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. "माझ्यासाठी?" त्यांनी हळूच विचारलं.

ती काही बोलणार, तेवढ्यात स्पीकरवर सगळं ऐकणारी लेक मागून ओरडली, "बाबा, तिकीट मागच्याच आठवड्यात काढलंय! सासूबाई येतायत आणि इथे खाट एकच आहे!"