मामांचा गळा आणि माझी बोटं

कीर्तन ऐकण्यात माझा हात धरणारा माणूस आमच्या गोतावळ्यात नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्यामुळे साउंडवाला तापाने फणफणला तेव्हा मी लगेच म्हणालो, "मिक्सरवर मी बसतो! चार दांड्या वर-खाली करायच्या, त्यात काय एवढं!"

कीर्तनकार म्हणजे हिचे मामा. गळ्याच्या ऑपरेशननंतर तीन महिने त्यांनी पाणीसुद्धा खुणेनेच मागितलं होतं. त्यानंतरचं हे पहिलं कीर्तन. डॉक्टरांनी बजावलं होतं, "तासभर बोला, गा. पण आवाज चढवायचा नाही! ताण पडला तर कायमचा बसेल. चढवायचं काम माइकवाल्याचं." वर देखरेखीला ते स्वतःच पहिल्या रांगेत येऊन बसले होते.

थोडक्यात, मामांचा गळा माझ्या हातात होता.

"अहो, जमेल ना नक्की?" हिने विचारलं.

"तू पुढे जाऊन बस आणि रुमाल काढून ठेव. रडशील!"

मिक्सर सभागृहाच्या पार मागे होता. मी हेडफोन चढवला, मामांच्या माइकचं बटण दाबलं आणि डोळे मिटले. काय तो आवाज! कानात मध ओतावा तसा! मामांचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. पहिल्याच पदाला मला गहिवरून आलं.

डोळे उघडले तर सगळं सभागृह भारावलेलं. दोघंतिघं माझ्याकडे वळून हात वर करकरून हलवत होते. मीही हात वर करून डोललो. एका आजोबांनी कानामागे पंजा धरला. वा! शब्द न् शब्द टिपायची केवढी ही तळमळ! मग मागच्या रांगेतले लोक खुर्च्या उचलून पुढे निघाले. त्यांच्यामागे मधली रांग. दहा मिनिटांत अख्खी सभा मामांच्या पायांशी! इतकी ओढ मी जन्मात पाहिली नव्हती.

तेवढ्यात मिक्सरवर आवाज चढल्याचा लाल दिवा लुकलुकला. मामा भलतेच रंगात आले असणार. गळ्याला जपायला हवं, म्हणून मी त्यांची दांडी थोडी खाली घेतली.

आता ही उठून माझ्याकडे येऊ लागली. अंगठ्याने वर, वर असं खुणावत होती. मीही अंगठा दाखवला. तिने कपाळावर हात मारून घेतला.

जवळ येऊन तिने माझ्या डोक्यावरचा हेडफोन उपटला.

शांतता! दूर कुठेतरी मामांची कुजबुज, भिंतीपलीकडे शेजारी बोलावेत तशी.

"वीस मिनिटं झाली, कुणाला काहीही ऐकू येत नाहीये!"

"मला तर छान येतंय!"

"तुम्हालाच येतंय!"

मी खाली पाहिलं. शेवटची मोठी दांडी, जिच्यातून सगळा आवाज स्पीकरकडे जातो, ती तळाशी लोळत होती. हेडफोनला तिची गरज नसते. लोकांना असते. मी घाबरून एकदम सगळ्याच दांड्या वर ढकलल्या.

शंभर कुकरांनी एकाच वेळी शिट्टी द्यावी तसे स्पीकर किंचाळले! आजोबा खुर्चीसकट मागे सरकले. आणि मामा दचकून ओरडले,

"अरे, बंद कर ते!!"

मी बंद केलं. पण ओरडून झालं होतं! मामांनी गळ्यावर हात ठेवला. सभागृहात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती, मिक्सरशिवाय. डॉक्टर उठले, त्यांनी बॅटरी लावून घशात डोकावलं.

"एक सूर लावा."

मामांनी डोळे मिटून सूर लावला. खणखणीत, लांबलचक, थेट मागच्या भिंतीला जाऊन भिडणारा.

"गळा बरा झालाय!" डॉक्टर म्हणाले. "ओरडून बघा म्हणायचं धाडस मात्र मला अजून दोन महिने झालं नसतं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी किंचित वाकून तो स्वीकारला. हिने मला सदऱ्याला धरून खाली बसवलं.

शेवटी मी पाया पडायला गेलो तेव्हा मामा म्हणाले, "जावईबापू, पुढच्या कीर्तनाला तुम्ही हवेतच. पहिल्या रांगेत. हात मांडीखाली घेऊन."

गेलो. सांगितल्याप्रमाणे बसलो. तिथून तबल्याचा आवाज जरा जास्त वाटत होता. पण मी हात मांडीखालीच ठेवले.