दिवा विझल्याचा दाखला

"शिस्त हे समाजाचं इंजिन आहे, आणि नियम हे त्यातलं तेल!" बुधवारी सकाळी दारातल्या गाडीच्या टपावर हात ठेवून आप्पांनी जाहीर केलं. मग आत बसून त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन खोकून सुरू झालं आणि स्टिअरिंगमागे इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. तो गेली सहा वर्षं लागत होता. बायकोला त्याची इतकी सवय झाली होती, की संध्याकाळी पर्समधला चष्मा ती त्याच्याच उजेडात शोधायची.

आप्पांची चौतीस वर्षं वाहन खात्यात परिपत्रकांचे मसुदे लिहिण्यात गेली होती. सहकारी त्यांना पाठीमागे 'परिपत्रक' म्हणत, आणि निरोप समारंभात एकदा समोरही म्हणाले. गाडी एकोणीस वर्षांची होती. तिच्या तपासणीचं प्रमाणपत्र सोमवारी संपलं होतं, आणि शनिवारी बायकोला बहिणीकडे जायचं होतं.

हे जाणं साधं नव्हतं. दोघी बहिणी नऊ वर्षं बोलत नव्हत्या. कारण दोघींनाही नीट आठवत नव्हतं, त्यामुळे माघार घेणं आणखीच अवघड झालं होतं. गेल्या आठवड्यात अचानक फोन आला. "शनिवारी ये. गाडीनंच ये. बस खाली सोडते, तुझ्या गुडघ्यांना तो चढ झेपायचा नाही." एवढंच. पण बायकोने त्या संध्याकाळी माळ्यावरून एक स्वेटर काढला. नऊ वर्षांपूर्वी बहिणीसाठी विणायला घेतलेला, एक बाही बाकी राहिलेला.

"अहो, शनिवार म्हणजे शनिवार," ती म्हणाली. "रविवारी तिचं मन फिरेल. माझंही."

प्रमाणपत्राशिवाय गाडी चालवणं नियमात बसत नव्हतं. म्हणून आप्पांनी ती गॅरेजवाल्या मिस्त्रीच्या टेम्पोला दोर बांधून तपासणी केंद्रावर नेली. ओढली जाणारी गाडी हे वाहन नसून सामान आहे, असा खुलासा त्यांनीच एका परिपत्रकात करून ठेवला होता.

तपासनीस तरुण आणि नम्र होता. त्याने किल्ली फिरवली, दिवा पाहिला आणि लिहिलं : नापास.

"अहो, इंजिन ठणठणीत आहे," आप्पा म्हणाले. "ऐका तरी आवाज."

"काका, यंदापासून आम्ही इंजिन तपासत नाही. दिवा तपासतो."

"आणि उद्या इंजिनच नसेल आणि दिवा विझलेला असेल तर?"

तपासनिसाने यावर प्रामाणिकपणे विचार केला. "मग दिव्याच्या रकान्यात पास," तो म्हणाला. "इंजिनाचा रकाना नाहीये."

मिस्त्रीने खिशातून काळ्या चिकटपट्टीचं रीळ काढलं. "दोन इंच लावतो. अर्धं गाव असंच पास होतं."

"मी मसुदे लिहिलेत," आप्पा ताठ होऊन म्हणाले. "चिकटपट्टी लावली नाही."

मग मिस्त्रीने नाइलाजाने गाडीला यंत्र लावलं आणि खरा दोष शोधला. पेट्रोलच्या टाकीचं झाकण सैल होतं. जास्त पिळलं की आटे झिजतात, म्हणून आप्पा ते नेहमी अर्धाच आटा फिरवून सोडत. मिस्त्रीने झाकण करकचून बसवलं आणि यंत्राने दिव्याची सगळी आठवण पुसून टाकली. सहा वर्षांचा पिवळा दिवा विझला. बायकोला क्षणभर चुकल्याचुकल्यासारखं झालं.

गुरुवारी सामान पुन्हा केंद्रावर आलं, सोबत बायकोही.

"दिवा विझलाय," तपासनीस म्हणाला. "पण गाडीच्या कॉम्प्युटरची स्मृती कोरी आहे. जिला काहीच आठवत नाही, ती निरोगी आहे हे कशावरून? ऐंशी किलोमीटर चालवा, तिला काहीतरी आठवू दे, मग या."

"प्रमाणपत्राशिवाय चालवू कशी?"

"नाही चालवता येणार. कलम चौदा."

"आणि चालवल्याशिवाय प्रमाणपत्र?"

"नाही मिळणार. तेही कलम चौदाच." त्याने भिंतीवरचा चौकटीतला कागद दाखवला. "'कोणत्याही सबबीखाली रस्त्यावर आणू नये.' हे 'कोणत्याही सबबीखाली' नसतं ना काका, तर मीच काहीतरी केलं असतं."

आप्पांनी जवळ जाऊन तो कागद वाचला. बावीस वर्षांपूर्वीची एक दुपार त्यांना लख्ख आठवली. वाक्य जरा लांडं वाटत होतं, म्हणून त्यांनी 'कोणत्याही सबबीखाली' हे दोन शब्द घातले होते. साहेबांनी शैलीचं कौतुक केलं होतं.

"कुठल्या गाढवानं लिहिलंय हे?" बायकोने विचारलं.

"समितीनं," आप्पा म्हणाले.

पण लिहिणाऱ्यालाच पळवाटही ठाऊक असते. कलम रस्त्याबद्दल होतं, आणि केंद्राचं आवार हा काही रस्ता नव्हे. आप्पांनी तिथेच तीन प्रतींत अर्ज लिहिला. तपासनिसाने तो वाचून मान डोलावली. "काय भाषा आहे, काका!" आवाराची एक फेरी दोनशे मीटरची होती. म्हणजे चारशे फेऱ्या.

शुक्रवारी सकाळी दहाला आप्पा गरगर फिरू लागले. बायको शेजारी स्वेटर घेऊन बसली. पाच फेऱ्या झाल्या की एक ओळ, असा तिने हिशोब ठेवला. "बाहीच्या ऐंशी ओळी राहिल्यात," ती म्हणाली. "थांबू नका."

पण थांबावं लागलं. अर्ज द्यायची खिडकी क्रमांक दोन आवाराच्या एका टोकाला होती आणि शिक्क्याची क्रमांक सात दुसऱ्या टोकाला. तीन ते सहा अस्तित्वातच नव्हत्या. विसाव्या फेरीला काठी टेकत जाणाऱ्या एका आजोबांनी हात केला. "सातकडेच चाललात ना?" पन्नासाव्या फेरीला शिपाई फायलींचा गठ्ठा घेऊन चढला. शंभराव्या फेरीला मागच्या सीटसाठी रांग लागली. दुपारी कुणीतरी भिंतीवर खडूने वेळापत्रक लिहिलं, आणि दोनशे साठाव्या फेरीला एक बाई आप्पांवर रागावल्या. "चार मिनिटं उशीर! काही शिस्त आहे की नाही?"

तुम्ही हसाल. पण त्या दिवशी जवळपास नव्वद माणसं गाडीत बसली, आणि दोन आणि सात या खिडक्या शेजारी शेजारी का नाहीत, हे त्यांतल्या एकानेही विचारलं नाही. जागा कधी मिळेल, एवढंच सगळे विचारत होते. खरं सांगा, आत्ता वाचताना तुम्हाला तरी तो प्रश्न पडला होता का?

साडेचारला ऐंशीवी ओळ झाली आणि बाही संपली. कॉम्प्युटरला जे आठवायचं होतं ते आठवलं. दिवा विझलेलाच राहिला. तपासनिसाने सही केली, शिक्क्याचा कागद शेवटच्या फेरीला गाडीतूनच सात नंबरला गेला आणि गाडीतूनच परत आला. आप्पांनी प्रमाणपत्र हातात घेतलं. बायकोने स्वेटरची घडी घातली आणि खूप वर्षांनी त्यांच्याकडे पाहून हसली.

"बघ," आप्पांचा ऊर भरून आला होता. "नियमानं गेलं की सगळं होतं!"

गाडी फाटकाशी पोहोचली तोच तपासनीस धावत आला. त्याने खिडकीतून डोकं आत घातलं आणि आवाज खाली आणला.

"काका, रविवारी मेहुणीकडून परत येताय ना? एक छोटीशी विनंती होती. सोमवारी सातकडे जाणारे फार असतात. येताना पेट्रोल भरलंत, की ते झाकण… जरा सैलच ठेवाल का?"